डबा कोणी बंद केला?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. आपण कोल्हापूर परिसरात घडणारी आठ भागांची गुन्हेगारी मालिका लिहीत आहात. गुऱ्हाळावरच्या गुळव्याचा, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराचा, खून होतो, तपास एका तरुण महिला फौजदाराकडे येतो आणि तिच्या हाताखाली निवृत्तीला आलेला एक हवालदार आहे. रहस्याची जुळणी करण्यात आपले सहा महिने गेले: फोनचे कॉल रेकॉर्ड, वजनकाट्याच्या पावत्या, आधण (काहिलीत उकळणारा उसाचा रस) उतरण्याची वेळ. संहिता सहा जणांना वाचायला दिली, तर खुनी कोण याबद्दल कोणी फारसे बोललेच नाही. सगळे बोलले ते फौजदारबाई आणि हवालदार यांच्याबद्दल. सगळ्यांना आवडलेला प्रसंग म्हणून आपण चौथ्या भागातला पंचगंगेच्या घाटावरचा प्रसंग सोबत पाठवला आहे. एका मित्राने 'बाईला कोणीतरी जोडीदार द्या, प्रेमाचा ट्रॅक हवाच' असेही सुचवले आहे. त्यावरून आपण विचारता की, प्रेक्षकांना गुन्ह्यापेक्षा पात्रांमधली नातीच का आवडतात, आणि याचा अर्थ रहस्य फसले असा घ्यायचा का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देते. रहस्य फसलेले नाही. त्यात भोक असते तर सहापैकी निदान चौघांनी त्या भोकात बोट घातले असते. 'आधण उतरायच्या वेळी गुळव्या काहील सोडून जाईलच कसा' ही हरकत तर गुऱ्हाळ पाहिलेला माणूस हमखास काढतो. ठेका चुकला तरच श्रोत्यांचे लक्ष तबलजीकडे जाते. आपला ठेका बरोबर चालला आहे, म्हणून वाचकांना गाणे ऐकू आले.

पहिला प्रश्न मात्र थोडा दुरुस्त करून घ्यावासा वाटतो. 'गुन्ह्यापेक्षा नाती का आवडतात' असे विचारले की दोन्ही गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत जाऊन बसतात आणि मग लेखक एकातले काढून दुसऱ्यात टाकू लागतो. मी संवादलेखिका म्हणून जवळपास वीस वर्षे काम केले, त्यांतली बरीचशी दैनंदिन मालिकांत गेली आणि तीन मालिका पोलीस तपासाच्या होत्या. माझा अनुभव असा की प्रेक्षक दोन्हीकडे एकच काम करत असतो, आणि ते काम म्हणजे तपास. फरक असतो तो त्याच्या जागेचा. गुन्ह्याच्या बाबतीत त्याला पोलिसांपेक्षा कमी कळलेले असते, फार तर तेवढेच, आणि तो त्यांच्या मागून धापा टाकत येत असतो. नात्याच्या बाबतीत तो पोलिसांच्या पुढे असतो: या दोघांचा एकमेकांवर जीव आहे हे त्याला कळून चुकलेले असते, आणि त्या दोघांना ते अजून उमगलेले नसते, किंवा उमगले असले तरी कबूल करायचे नसते. सबंध भागभर मागे राहिलेल्या माणसाला मधूनच असे पुढे जायला मिळाले की त्याला जे सुख होते, त्यालाच आमच्या व्यवसायात 'केमिस्ट्री' असे ढोबळ नाव आहे.

हे मला एका डब्याने शिकवले. काही वर्षांपूर्वी एका दुपारी सेटवरून फोन आला की आजचा भाग चाळीस सेकंदांनी कमी भरतो आहे, पोलीस ठाण्याचा सेट लागलेला आहे, दोन कलाकार मोकळे आहेत, तर तेवढ्यापुरते काहीतरी लिहून पाठवा. संवाद लिहिले की पाठांतर आले, पाठांतर आले की वेळ गेला, म्हणून मी मुका प्रसंग लिहिला. हवालदार टेबलावर डबा उघडतो. पिठले, भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा. पहिला घास तोंडात जातो तोच वायरलेसवर मृतदेह सापडल्याचा निरोप येतो. तो हात न धुताच उठून धावतो. फौजदारबाई त्याच्या आधीच दारापर्यंत पोहोचलेल्या आहेत. त्या मागे वळतात, डब्याचे झाकण लावतात, डबा काखेत मारतात आणि जीपकडे जातात. बस्स, एवढेच. पुढच्या प्रसंगात पंचनामा होता आणि दुसऱ्या दिवशीच्या भागात मी तो डबा साफ विसरून गेले.

पंधरा दिवसांनी कोल्हापुरात आले असताना भावासोबत गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेले होते. भावाने कौतुकाने ओळख करून दिली की ती मालिका हीच लिहिते. हातात दुधाचा पेला घेऊन उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला खुनी कोण हे विचारले नाही. त्यांनी विचारले, "मग त्या हवालदारानं डबा खाल्ला काय न्हाई? बाईंनी जीपमधी ठेवलावता की!" माझ्याकडे उत्तर नव्हते. ते पुढे म्हणाले, "त्या पोरीला बाप न्हाई वाटतं." आमच्या कथेच्या आराखड्यात तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते, पण ही गोष्ट पडद्यावर तोपर्यंत एकदाही आलेली नव्हती. त्यांनी सहज ठोकून दिले असेल, असेही म्हणता येईल. मला मात्र तसे वाटले नाही, कारण त्यांचा युक्तिवाद एखाद्या अनुभवी तपासी अंमलदाराला शोभेल असा होता: कोणी काही सांगितलेले नाही, एक कृती दिसली आहे, ती कृती अधिकाऱ्याच्या कामाचा भाग नाही, मग ती का घडली?

इथे एक कायदेशीर दाखला देण्याचा मोह आवरत नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही; १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तीच तरतूद कलम २३ मध्ये कायम राहिली आहे. प्रेक्षकाचे न्यायालय याहूनही कडक असते. 'काका, खाऊन घ्या हो, माझे बाबा असेच उपाशी निघून जायचे' असे वाक्य मी त्या बाईंच्या तोंडी घातले असते, तर तो कबुलीजबाब झाला असता, आणि लेखकाने दबाव टाकून घेतलेला जबाब प्रेक्षक दाखल करून घेत नाही. त्याला मुद्देमाल लागतो. डबा हा मुद्देमाल होता.

आता असे विचारता येईल की मग कौटुंबिक मालिकेतही हे होऊ शकते, त्यासाठी खून कशाला? होते तिथेही, परंतु तिथे नाते हाच विषय असल्यामुळे सगळे दिवे त्याच्यावर रोखलेले असतात. सासू-सुनेला एकमेकींबद्दल काय वाटते हे त्या स्वतः, शेजारीण आणि पार्श्वसंगीत अशा तिघी मिळून सांगतात. गुन्हेगारी मालिकेत पात्रांना नात्याबद्दल बोलायला सवडच नसते. मृतदेह पडलेला आहे, वरिष्ठांचे फोन येत आहेत, रिमांडची मुदत संपत आली आहे. जे वाटते ते कामाच्या आडून, कामाच्या भाषेत आणि कामाच्या वेळातच व्यक्त करावे लागते, आणि त्या आडोशामुळेच प्रेक्षकाला शोधायला काहीतरी उरते. दुसरे म्हणजे मृत्यू सतत जवळ असल्यामुळे लहान कृतीला वजन येते. घरातल्या जेवणाच्या टेबलावर कोणी कोणाचा डबा बंद केला तर ती आवराआवर ठरते.

ही गोष्ट दूरचित्रवाणीने शोधलेली नाही. शेरलॉक होम्स १८८७ मध्ये पहिल्यांदा छापून आला आणि तेव्हापासून वॉटसनशी त्याचे वागणे थट्टेचे, काहीसे कोरडेच राहिले. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते आणि क्षणभर होम्सचा चेहरा आणि आवाज त्याच्या ताब्यात राहत नाही. वॉटसनला त्या क्षणी जे कळले, ते वाचकाला सदतीस वर्षे ठाऊक होते; म्हणून तर तो परिच्छेद एवढा सुख देतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या पिढीला विचारून पाहा. धनंजयचे नाव काढले की पाठोपाठ छोटू येतो, झुंझारबरोबर विजया येते, पण अमक्या पुस्तकात चोर कोण निघाला हे सांगणारा क्वचितच भेटेल. दूरदर्शनवर १९८५ मध्ये करमचंद आला तेव्हा त्याच्या गाजराइतकीच किटी लक्षात राहिली, आणि १९९३ च्या ब्योमकेश बक्षीमध्ये अजित नसता तर ते सारे तर्क कोणाला ऐकवले गेले असते?

'सीआयडी'चे उदाहरण सगळ्यांच्या घरातले आहे. १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे आणि १५४७ भाग. त्यातल्या कोणत्याही एका भागातला खुनी आठवून पाहा. तेच एसीपी प्रद्युम्न आणि डॉक्टर साळुंखे यांची प्रयोगशाळेतली कुरबुर विचारली, दया आणि अभिजित यांची दोस्ती विचारली, अभिजित आणि डॉक्टर तारिका बोलू लागले की साळुंख्यांचे मध्येच तोंड घालणे विचारले, तर कोणतेही शाळकरी पोरसुद्धा अभिनय करून दाखवील. हॉलमध्ये एकच टीव्ही असलेल्या घरांत आजी, वडील आणि मुले मिळून जी मालिका पाहत, तिच्यातले पोलीस पथक हे नकळत एकत्र कुटुंब होऊन बसले: कडक बाप, दोन कर्ते मुलगे, टोमणे मारणारा काका. भागागणिक गुन्ह्याचा हिशेब मिटत होता आणि नात्याचे खाते तेवढे पुढच्या पानावर ओढले जात होते. साप्ताहिक मालिकेत नाती आवडण्याचे हे एक अगदी साधे, जवळजवळ यांत्रिक कारण आहे, हेही मान्य केले पाहिजे. रोज नवा खून, माणसे तीच. जीव कोणावर जडणार?

आपली मालिका आठ भागांची आहे आणि खून एकच आहे, म्हणून हे कारण आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाही. साप्ताहिक मालिकेत नाते स्थिर ठेवावे लागते, कारण कोणताही भाग कोणीही मध्येच पाहू लागते. फार हलवले तर नवा माणूस गोंधळतो. आठ भागांत नाते हललेच पाहिजे, नाहीतर पाचव्या भागापर्यंत तेच ते वाटू लागते. 'पाताल लोक' या पोलीस तपासाच्या वेबमालिकेच्या २०२० मधल्या पहिल्या पर्वात हाथीराम चौधरी वरिष्ठ आणि इम्रान अन्सारी त्याच्या हाताखाली होता, तर २०२५ च्या दुसऱ्या पर्वात अन्सारी मोठा अधिकारी होऊन येतो आणि हाथीराम आहे तिथेच असतो. ते दोघे एकमेकांना आता काय म्हणून हाक मारतील, या एका बारीक प्रश्नावर कितीतरी प्रसंग तोलले गेले आहेत.

हाक मारण्याचा हा मुद्दा मराठीत लिहिणाऱ्याने सोन्यासारखा जपला पाहिजे. इंग्रजी संवादलेखकाला एकाच 'यू'वर भागवावे लागते. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे, नुसते आडनाव आहे, आडनावापुढे साहेब आहे, मामा आहे, दादा आहे. आपल्या संहितेत हुद्द्याने बाई मोठ्या आणि वयाने हवालदार मोठा, म्हणजे दोघांनाही एकमेकांना हाक मारण्याची पंचाईत आहे. ही पंचाईत सोडवू नका, चालू द्या. पहिल्या दिवशी त्या 'हवालदार' म्हणतील, दुसऱ्या भागात कधीतरी 'मामा' म्हणून जातील, आणि ज्या दिवशी त्याच्यावर चिडतील त्या दिवशी पुन्हा 'हवालदार' म्हणतील. या बदलाची दखल कोणत्याही पात्राने घेऊ नये. प्रेक्षक घेतो, मराठी घरात वाढलेल्या माणसाचा कान 'अहो' कधी 'अरे' झाले हे टिपण्यासाठीच तयार झालेला असतो.

कोल्हापूरकरांकडे तर आणखी एक हत्यार आहे आणि आपण ते अजून वापरलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. आपल्याकडच्या बायका घरी 'मी आलो, मी जातो' असे बोलतात. मीही बोलते. हे उत्तर मी 'लिहिते' आहे, पण आईला आत्ता स्वयंपाकघरात 'लिहितो आहे, थांब' असेच ओरडून सांगितले. आपली फौजदार शिवाजी पेठेतली आहे आणि नाशिकच्या पोलीस अकादमीतून प्रशिक्षण घेऊन आली आहे, तर ती ठाण्यात 'मी बघते, मी आले' असे प्रमाणभाषेत बोलेल. कदाचित मुद्दाम बोलेल, कारण तिथे कोणी तिच्या बोलण्याला हसले असेल. फोनवर आईशी बोलताना मात्र 'मी येतो गं, तू जेवून घे' असे बोलेल. हे दोन्ही पहिल्या भागात सहज ऐकवून ठेवा. मग पाचव्या भागात, रात्री दोन वाजता, शवागाराबाहेरच्या बाकावर ती हवालदाराला म्हणू दे, "तुम्ही जावा मामा घरला, मी बसतो हितं." तिला कळलेही नाही की ती आत्ता घरी असल्यासारखी बोलली. त्यालाही कळले की नाही, हे आपण ठरवायचे नाही. हवालदार उठतो आणि न जाता पुन्हा बसतो, एवढे पुरे.

अर्थात यातले किती कोणापर्यंत पोहोचेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे. बिंदू चौकात राहणारा माणूस त्या 'बसतो'ला दचकून टीव्हीकडे पाहील. नागपूरच्या प्रेक्षकाला ती बोलण्यातली चूक वाटेल. उपशीर्षकांत तर ते साफ बुडून जाईल. म्हणून एकाच खुणेवर सगळा भार टाकू नये. जो प्रेक्षक फक्त कोडे सोडवायला बसलेला असतो तोही असतोच, आणि तो कमी प्रतीचा प्रेक्षक नव्हे. माझा भाऊच तसा आहे. दोन पात्रे पावसात उभी राहून एकमेकांकडे पाहू लागली की तो उठून गॅसवरचे दूध बघायला जातो. त्याच्यासाठी मी एक नियम पाळते: नात्याच्या प्रसंगातून तपासाचा निदान एक धागा पुढे सरकलाच पाहिजे. तो दूध बघायला गेला तर त्याचा पुरावा हुकला पाहिजे.

हा नियम मला नंतर सुचला. त्याआधी जी फजिती झाली ती आपल्या मित्राच्या सूचनेशी थेट संबंधित आहे. अशाच एका तपास-मालिकेत वाहिनीच्या बैठकीत ठरले की नायिका फार कोरडी वाटते आहे, तिला एक सरकारी वकील आवडू द्या. आम्ही वकील आणला. देखणा होता, चांगले बोलत होता, पहिल्या नजरेतच त्याचे प्रेम बसले आणि तिचेही. तीन आठवडे ते दोघे कॉफी पीत राहिले आणि तेवढे दिवस एका मुलीच्या खुनाचा तपास खोळंबला. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया आल्या त्या प्रेमाच्या विरोधात नव्हत्या, तर 'त्या पोरीचं काय झालं' अशा होत्या. खून झालेल्या मुलीची आई पडद्यावर रडते आहे आणि तपासी अधिकारी कॉफी पिते आहे, हे पाहून लोक नायिकेवरच चिडले होते, आणि ते बरोबर होते. चूक आमची होती, कलाकारांची नव्हती.

आम्ही ते कसे सावरले ते सांगते, कारण त्यात प्रेमाच्या ट्रॅकचे खरे गणित आहे. वकिलाला कॉफीवरून उठवून कोर्टात उभे केले. तिने केलेला पंचनामा वाचून तो तिला सांगतो की यातला दुसरा पंच पोलिसांचा नेहमीचा पंच आहे, बचाव पक्ष याच्या चिंधड्या करील, मी हे असे दाखल करणार नाही. ती भडकते. रात्री स्वतः जाऊन कागद पुन्हा तपासते आणि सकाळी काही न बोलता फाइल त्याच्या टेबलावर ठेवते. त्या भागापासून लोकांना वकील आवडू लागला. आधी दोघांचे प्रेम जाहीर झालेले होते, म्हणून प्रेक्षकाला शोधायला काहीच शिल्लक नव्हते. आता ते एका पंचाच्या नावामागे लपले होते.

एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकी रहस्यकथाकाराने १९२८ मध्ये रहस्यकथेचे वीस नियम लिहिले, त्यांत प्रेमप्रकरणाला सरळ बंदी घातली होती. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. गुन्हेगाराला पकडण्याचे काम बाजूला ठेवून जोडपी जुळवत बसू नये एवढाच त्याचा रोख होता. दोनच वर्षांत, १९३० मध्ये, डॉरोथी सेयर्स यांनी आपल्या गुप्तहेराला नेमक्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या स्त्रीच्या प्रेमात पाडले. तिथे प्रेम सिद्ध करायचे तर खटला जिंकण्यावाचून मार्ग नाही, म्हणून बंदी मोडूनही काही बिघडले नाही. 'जोडपे एकत्र आले की मालिका संपते' असेही म्हणतात आणि त्यासाठी १९८५ ते १९८९ या काळातल्या 'मूनलायटिंग' या अमेरिकी गुप्तहेर-मालिकेचा दाखला देतात. तिथे नायिका गरोदर होती, नायक सिनेमात अडकला होता, १९८८ चा लेखकांचा संप मध्ये आला होता. सगळे खापर बिचाऱ्या प्रेमावर फोडण्यात अर्थ नाही.

आपण पत्राच्या शेवटी ओझरते विचारले आहे की खुनी कोण हे आधीच सांगून टाकले तर नात्यांचे काय होईल. तसे केले तर प्रेक्षक दोन्हीकडे पुढे जातो आणि नात्याची चव बदलते. १९७१ पासून नियमित चाललेल्या 'कोलंबो'मध्ये खून सुरुवातीलाच दिसतो. मग खरे नाते गबाळा पोलीस आणि सुटाबुटातला खुनी यांच्यात जुळते, आणि पोलिसाला सगळे कळलेले आहे हे खुन्याच्या किती उशिरा लक्षात येते, ते बघण्यात मजा असते. झी मराठीवर २०२० मध्ये आलेल्या 'देवमाणूस'मध्ये गावकरी डॉक्टरवर विश्वास टाकतात आणि आपल्याला तो कोण आहे हे ठाऊक असते. तिथेही आपण पुढेच आहोत. फक्त मायेच्या जागी धडकी भरते. एखादी बाई दवाखान्याची पायरी चढू लागली की घराघरांतून तिला थांबवणारे आवाज उठत. ज्ञानाची जागा तीच, आणि भावना अगदी उलट.

प्रेक्षकाचा हा गुंता किती खरा असतो, याबद्दल थोडेसे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी रेडिओ-दूरचित्रवाणीवरच्या व्यक्तींशी श्रोत्या-प्रेक्षकांचे जे एकतर्फी सख्य जडते, त्यावर लिहिले. पुढे तोच विचार काल्पनिक पात्रांनाही लावला गेला. परंतु त्यासाठी अभ्यास वाचायलाच हवा असे नाही. १८९३ मध्ये लेखकाने होम्सला दरीत ढकलल्यावर वाचक इतके बिथरले की दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याला जिवंत करून आणावे लागले. आणि परत सुरू झालेल्या 'सीआयडी'त २०२५ च्या एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवला, तेव्हा समाजमाध्यमांवर तसाच गहजब झाला आणि त्यांनाही परत यावे लागले. म्हणून आपल्या सातव्या भागात हवालदाराला मारायचा बेत असेल, तर एवढेच पाहा की तो मृत्यू तपासातून उगवतो आहे की रडवण्यासाठी आणला आहे. प्रेक्षक या दोन्हींतला फरक शवविच्छेदन न करता ओळखतो.

आता घाटावरचा प्रसंग. गुळव्याचे रक्षाविसर्जन चालले आहे, दोघे पोलीस लांब पायरीवर बसून नातेवाइकांवर नजर ठेवून आहेत. बाईंनी टोपी काढून बाजूला ठेवली आहे. हवालदार ती ओल्या पायरीवरून उचलतो, रुमालाने पुसतो, स्वतःच्या गुडघ्यावर ठेवतो, आणि मग म्हणतो, "मॅडम, तुम्ही मला माझ्या लेकीसारख्या." आपल्या सहाही वाचकांना हा प्रसंग आवडला तो टोपीमुळे, त्या वाक्यामुळे नव्हे. साहेबाची टोपी म्हणजे हुद्दा, आणि तो हुद्दा हा माणूस पोरीच्या दप्तरासारखा झटकून गुडघ्यावर ठेवतो. यात सगळे आले. वाक्य काढून टाका.

परंतु मी आपल्या जागी असते तर इथे थांबले नसते. हा प्रसंग सुंदर आहे आणि तपासाच्या बाहेर आहे. माझा भाऊ दूध बघायला जाईल. आपल्याच तिसऱ्या भागात बाई संशयिताच्या घरी जबाब घ्यायला गेल्या आहेत आणि त्यांनी टोपी कोनाड्यात ठेवली होती. त्या घरात गॅस आहे, चूल नाही, गुऱ्हाळाशी त्यांचा काही संबंध नाही असे ते सांगतात. तर मग कोनाड्यातून टोपीला चुलवाणाची, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीची, काजळी लागू द्या. चौथ्या भागात हवालदार मायेने टोपी पुसतो, म्हणजे डोळ्यांदेखत पुरावा पुसला जातो, आणि पुसणारा त्यातला सर्वांत प्रेमळ माणूस असतो. सहाव्या भागात बाईंना कोनाडा आठवेल, टोपी स्वच्छ असेल, आणि स्टेशन डायरीत काय लिहायचे हा प्रश्न उभा राहील: मामाचे नाव लिहायचे की नाही. तिथपर्यंत दोघांनीही त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आणि घाटावरच्या प्रसंगात 'कॅमेरा टोपीवर जातो' असे काही लिहू नका. हवालदाराने घडी घालून खिशात ठेवलेला रुमाल काळा झाला होता, एवढेच लिहा.